सासूबाईंची स्थितिज ऊर्जा

सरांनी स्वतःच्या सासूला दोराला टांगलं, ही गोष्ट खरी आहे. पण ती ज्या सुरात सांगितली जाते तो सूर साफ चुकीचा आहे. सर नववीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतात. आजवर त्यांनी मुंगीचाही रस्ता अडवलेला नाही. सासूबाईंबद्दल त्यांच्या मनात आदर आहे, आणि भीती आहे ती कुठल्याही जावयाच्या मनात असते तेवढीच. तेव्हा झालं काय, ते नीट सांगायला हवं.

घर सासूबाईंचं. लग्न झाल्यावर सर तिथे ‘दुसरी जागा मिळेपर्यंत’ म्हणून राहायला आले. त्याला आता इतकी वर्षं झाली की जागा शोधून देणारा एजंटसुद्धा म्हातारा होऊन निवृत्त झाला. एवढ्या काळात घर कोणाचं, याची आठवण सासूबाईंनी सरांना एकदाही करून दिली नाही. ते काम इमारतीतली माणसं न चुकता करत. नवीन भाडेकरू आला की त्याला पाण्याची वेळ, कचऱ्याची वेळ आणि ‘ते तिसऱ्या मजल्यावरचे सर ना, घरजावई आहेत’ ही माहिती एकदमच मिळे. सर ऐकून न ऐकल्यासारखं करत. सासूबाईंच्या चांगुलपणाचं ओझं मात्र त्यांच्या मनावर होतं, आणि ते कधीतरी, कसंतरी उतरवावं असं त्यांना फार वाटे.

सासूबाईंचा गुडघा बिघडला आणि डॉक्टरांनी जिने बंद केले. इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टचा ठराव आहे. तो दर वर्षी टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. त्यामुळे सासूबाई तिसऱ्या मजल्यावरच्या झाल्या त्या कायमच्याच. आणि त्यांची जिवाभावाची मैत्रीण राहायची तळमजल्यावर.

या मैत्रिणीला सगळी इमारत ‘धाकटी’ म्हणायची, कारण सासूबाई तिला तसं म्हणायच्या. नातं काही नाही. वयात फरक म्हणाल तर काही महिन्यांचा. पण तेवढ्यावर सासूबाई थोरल्या झाल्या आणि जन्मभर थोरलेपणा गाजवत राहिल्या. दोघींची मुलं एकत्र वाढली, दोघींचे नवरे पाठोपाठ गेले, आणि जिने चढता येत होते तोवर एकीच्या घरचं दूध नासलं तरी दुसरीला कळायचं. धाकटीला दम्याचा त्रास. तिलाही जिना वर्ज्य. फोनवर तिला नीट ऐकू येत नसे, समोरच्याचे ओठ दिसले तरच समजे. म्हणून दोघी बोलायच्या त्या इमारतीच्या मधल्या चौकातून, एक वरच्या गॅलरीत आणि एक खालच्या ओट्यावर, हातवारे करून आणि घसा फोडून. सगळ्या मजल्यांच्या गॅलऱ्या त्या चौकात उघडायच्या. तेव्हा त्यांचं बोलणं ही सार्वजनिक कार्यक्रमासारखी गोष्ट झाली होती. ‘पोट साफ झालं का?’ याचं उत्तर बहुतेक दिवशी पहिल्या मजल्यावरून कोणीतरी परस्पर द्यायचं.

अशात धाकटीचा मुलगा आला आणि आईला आपल्या गावी कायमचं घेऊन जायचं ठरवून गेला. जायचा रविवारही ठरला.

त्या दिवशी सासूबाई चौकातून काहीच ओरडल्या नाहीत. जेवताना एवढंच म्हणाल्या, “ती जायच्या आधी एकदा तिच्या शेजारी बसायचं होतं. हळू आवाजात बोलायचं होतं. जाऊ दे.”

सासूबाईंनी आजवर जावयाकडे काही मागितलं नव्हतं. हेही खरं तर मागितलं नव्हतं. पण सरांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

साधा उपाय होता. खुर्चीत बसवायचं आणि चौघांनी उचलून खाली न्यायचं. सरांनी तो सुचवला. सासूबाई शांतपणे पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “चौघांनी उचलून न्यायची वेळ माझ्यावर यायचीय अजून. येईल तेव्हा तुम्हीही असालच पुढे.” धाकटीला विचारलं तर तिनेही खालून नेमकं हेच उत्तर दिलं, शब्द तेवढे आणखी कडक होते. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात ऊर्जेचे साठे शिकवत होते. ताणलेल्या स्प्रिंगमध्ये साठा असतो, कोळशात असतो, गरम पाण्यात असतो, आणि उंचावर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूत असतो. त्याला स्थितिज ऊर्जा म्हणायचं. वस्तू जितकी जड आणि जितकी उंच, तितका साठा मोठा. वस्तू खाली आली की तो साठा कुठेतरी द्यावाच लागतो. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त हात बदलते. हे वाक्य सर दर वर्षी त्याच जागी, त्याच खडूने फळ्यावर टिचकी मारून म्हणत. या वर्षी टिचकी मारली आणि हात तिथेच राहिला. तिसऱ्या मजल्यावर एक भरपूर मोठा साठा गॅलरीत बसून आहे, आणि आपण तो वाया घालवतोय, हे त्यांच्या लक्षात आलं.

घरी येऊन त्यांनी हा विचार बायकोला सांगितला.

“माझ्या आईला तुम्ही साठा म्हणालात?” बायको म्हणाली.

“गौरवाने म्हणालो.”

“आणि जड वस्तू म्हणालात.”

“ते सर्वसाधारण विधान होतं. नियम सगळ्यांना सारखाच आहे.”

बायकोने बोलणं तिथेच थांबवलं, म्हणजे पुढचे दोन तास. पण कल्पना तिलाही पटली होती, कारण संध्याकाळी तिनेच विचारलं, “दोर तुटला तर?”

कल्पना अशी. चौकाच्या वर, गच्चीवर, पूर्वी कोणीतरी पाण्याच्या टाक्या चढवायला बसवलेली लोखंडी तुळई होती. तिला दोन कप्प्या लावायच्या. वरून दोर टाकायचा. दोराच्या एका टोकाला सासूबाईंची खुर्ची, दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन. सासूबाई खाली येतील तेव्हा वजन वर जाईल. त्यांची ऊर्जा वजनाला मिळेल, आणि परत वर जाताना वजन ती इमानेइतबारे परत करेल. माणसाने फक्त दोर आवरून धरायचा. कोणी कोणाला उचलायचं नाही. ‘आपण स्वतः उतरलो’ असं सासूबाईंना म्हणता येईल, आणि ते शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर असेल.

दोर, कप्प्या आणि धीर रंगाऱ्याकडे मिळाला. हा रंगारी उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा, त्यामुळे लोंबकळणं हा त्याचा धंदाच होता. “सर, अहो अकराव्या मजल्यावर लोंबकळत डबा खाल्लाय मी. आजींना काय, अलगद नेतो,” तो म्हणाला. सरांनी त्याला घर्षणाबद्दल थोडं समजावून सांगितलं. त्याने सरांना लोंबकळण्याबद्दल बरंच समजावून सांगितलं. दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही आणि त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं.

बातमी इमारतीत फिरली तशी माणसं सल्ला द्यायला येऊ लागली. सोसायटीचे अध्यक्ष आले आणि म्हणाले, त्यांचा विरोध नाही, पण पाठिंबाही धरू नये. दुसऱ्या मजल्यावरचे विमेवाले थेट सासूबाईंकडेच गेले. उंचीवरून खाली येण्याच्या जोखमीसाठी त्यांच्याकडे एक फार चांगली योजना होती. त्यांनी विचारलं, “तुमच्यामागे पैसे कोणाला द्यायचे?” सासूबाई म्हणाल्या, “मागे कशाला? मी खाली चाललेय.” विमेवाल्यांना हसावं की लिहून घ्यावं ते कळेना.

आता प्रश्न राहिला वजनाचा. समोर वजन ठेवायचं तर सासूबाईंचं वजन किती, हे माहीत हवं. आता तुम्हीच सांगा, जावयाने सासूला हे विचारायचं कसं? लग्नात मानपान, रुसवेफुगवे सगळ्याचे नियम ठरलेले आहेत. या प्रश्नाचा नाही. सरांनी तो बायकोकडे सोपवला. बायकोने आईला विचारलं. आई म्हणाली, “पन्नास.” बायको आईकडे बघत राहिली. आई म्हणाली, “फार तर पन्नास.” बायकोने बाहेर येऊन तेच सांगितलं आणि सरांच्या नजरेला नजर दिली नाही.

सरांना शंका यायला हवी होती. पण विज्ञानाच्या माणसाची एक अडचण असते. आकडा मिळाला की तो त्याच्या प्रेमात पडतो. सरांनी पन्नास हा आकडा घेतला, त्यावर चार पानं आकडेमोड केली, आणि शेवटी वाळूच्या पोत्यांत बरोबर पन्नास किलो भरून घेतले.

चाचणीच्या दिवशी सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. सासूबाई इस्त्री केलेली साडी नेसून, केसांवरून हात फिरवून खुर्चीत बसल्या. दोन पट्टे बांधले. तळाशी धाकटी स्टुलावर बसून वर बघत होती. तिने पदर तोंडाशी धरला होता. सर तिसऱ्या मजल्यावर दोरापाशी, रंगारी गच्चीवर. सर म्हणाले, “आई, घाबरू नका. दोन्ही बाजू समान आहेत. तुम्ही जागच्या हलणार नाही. मी सोडेन तेवढंच.”

आणि त्यांनी गॅलरीच्या कठड्याचा अडसर काढला.

समानता पुढच्या क्षणी संपली. वाळूची पोती भुरकन वर गेली आणि सासूबाई खाली निघाल्या. फार वेगाने नाही, कारण रंगाऱ्याने गच्चीवरून दोराला पीळ मारला आणि सरांनी दोर दोन्ही हातांनी आवळला. पण दुसऱ्या मजल्यापर्यंत त्या पोचल्याच, आणि विमेवाल्यांच्या गॅलरीसमोर येऊन थांबल्या. दोराचा पीळ वरच्या कप्पीत घट्ट अडकला आणि पोती मधेच लोंबकळत राहिली. त्यातलं एक फाटलं आणि सगळी वाळू चौकात ओतली गेली, धाकटीच्या ओट्यावर, तिच्या कुंड्यांवर, आणि शेवटी गटाराच्या तोंडात.

मग सासूबाईंचा आवाज आला. अगदी नेहमीचा.

“दोर खोटा आहे.”

विमेवाल्यांच्या बायकोने आणि विमेवाल्यांनी त्यांना आत ओढून घेतलं. खरचटलंसुद्धा नाही. पण आता पंचाईत पाहा. दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर जायला जिना, आणि जिना बंद. दोर अडकलेला, तो सोडवायला रंगारी हवा, आणि रंगारी भ्यायला नव्हता तरी त्याचं त्याच दिवसापासून दुसरीकडे काम ठरलेलं होतं. तो म्हणाला, परवा येतो.

अशा रीतीने सरांच्या सासूबाई दोन दिवस दुसऱ्या मजल्यावर, परक्यांच्या घरात राहिल्या. सरांची बायको दर जेवणाला खाली जायची आणि वर येऊन सरांकडे न बघता म्हणायची, “बरी आहे.” शेजारीपाजारी जिन्यात भेटले की विचारायचे, “काय सर, सासूबाई बाहेरगावी का?” शाळेतही बातमी पोचली होती. नववीच्या वर्गात सरांनी ‘उंचावरची वस्तू’ असं म्हटलं की मागच्या बाकांवर खोकल्याची साथ येत असे. सरांना त्या दोन दिवसांत आपण विज्ञानाकडे वळलो तेच चुकलं असं सारखं वाटत होतं.

पण विमेवाल्यांच्या घरात वेगळंच घडत होतं. नवरा-बायकोचं त्या महिन्यात बोलणं बंद होतं, हे कोणाला माहीत नव्हतं. सासूबाईंना पहिल्या दुपारीच कळलं. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त दोघांपैकी एकाला मीठ दुसऱ्याकडून मागायला लावलं. मग डबा, मग उशी, मग टॉवेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमेवाले चहाचा कप घेऊन सरांकडे वर आले आणि म्हणाले, “सर, तुमचे उपकार आहेत. तुम्ही त्यांना नेमकं आमच्या दारात थांबवलंत.” सर म्हणाले, “मी थांबवलं नाही, ते घर्षणाने झालं.” विमेवाले म्हणाले, “मग घर्षणाचेही.” सरांनी आयुष्यात एवढे मनापासून मानलेले आभार यापूर्वी ऐकले नव्हते. लाजून त्यांनी चहा कपातच ढवळला, चमचा नसताना.

रंगारी आल्यावर सासूबाईंना परत वर घ्यायचं ठरलं; आणखी खाली सोडायचं नाव काढायची कोणाची हिंमत नव्हती. आता समोरच्या पोत्यात वाळू वाढवायची होती. रंगारी एकेक घमेलं टाकू लागला आणि पहिल्या मजल्यावरून कोणीतरी मोठ्याने मोजू लागलं. सासूबाईंनी खुर्चीतूनच हात वर केला.

“कोणी मोजायचं नाही.”

मोजणारा गप्प झाला. पुढची घमेली सगळ्यांनी तोंडं फिरवून, आकाशाकडे बघत टाकू दिली. शेवटी खुर्ची हलली, सासूबाई वर पोचल्या, आणि त्यांचं वजन किती हे त्या इमारतीला आजतागायत माहीत नाही. माहीत करून घ्यायची कोणाची इच्छाही नाही.

इथे खरं तर सगळं संपायचं. अध्यक्षांनी सूचना फलकावर कागद लावला. चौकात वाळू आणायला कायमची बंदी, कारण गटार तुंबलं होतं. आणि पालिकेच्या परवानगीशिवाय कोणीही कोणालाही खाली सोडू नये किंवा वर घेऊ नये.

सर पालिकेच्या कचेरीत गेले. लिफ्टच्या खात्यातल्या साहेबांनी विचारलं, मोटर आहे का? नाही. मग ही लिफ्ट नाही. बांधकाम खात्यातल्या साहेबांनी विचारलं, विटा लागल्या का? नाही. मग हे बांधकाम नाही. सर सांगत राहिले की ही ऊर्जेची देवाणघेवाण आहे. त्या नावाचं खातं नव्हतं. शेवटी एका टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “माणूस बसतो, वर-खाली जातो, आणि कुठेच पोचत नाही. हा पाळणा झाला. करमणूक विभाग, मागच्या बाजूला.”

करमणूक विभागातला कारकून फार हौशी निघाला. त्याने विचारलं, दिवसाला किती खेळ? तिकीट लावणार का? गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना मनाईची पाटी लावाल ना? सरांनी सगळ्याला हो म्हटलं. कारकून म्हणाला, पाळण्याची परवानगी फक्त सुट्टीच्या दिवशी मिळते. येता रविवार चालेल? तोच धाकटीचा जायचा रविवार होता. सर हो म्हणाले, पण परवानगी मिळाली तरी समोर ठेवायला वजन नव्हतं. वाळूला बंदी, आणि आकडा तर आता विचारण्याचीही सोय राहिली नव्हती.

सर चौकात उभे राहून वर बघत होते. धाकटी ओट्यावर कुंड्यांमधली वाळू काढत होती. ती म्हणाली, “वजन हवंय ना? मी बसते.”

“तुम्ही?”

“आमचं दोघींचं वजन सारखंच आहे. गेली चाळीस वर्षं एकमेकींचे ब्लाऊज घालतोय. एक टाका इकडेतिकडे करावा लागला नाही. तिने तुम्हाला काय सांगितलं?”

“पन्नास.”

धाकटी हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली. “मग माझंही तेवढंच धरा.”

सर त्या क्षणी हवेत तरंगत होते. केवढं सुंदर होतं ते! एक म्हातारी उतरणार, दुसरी चढणार. एकीच्या साठ्यातली ऊर्जा जशीच्या तशी दुसरीच्या साठ्यात जमा होणार. बाहेरून काही लागणार नाही, वाया काही जाणार नाही. निसर्गाने या दोघींना मैत्रिणी केलं ते याचसाठी, असं सरांना वाटलं. त्यांनी फलकावर रंगीत खडूंनी आकृती काढली. वर एक खुर्ची, खाली एक खुर्ची, एक बाण खाली, एक बाण वर. सगळे येऊन बघून गेले. अध्यक्ष म्हणाले, “आता मला विज्ञान पटलं.” विमेवाले म्हणाले, त्यांनी एवढं सोपं करून सांगितलेलं कधी ऐकलं नाही. बायकोनेसुद्धा आकृतीकडे बघून मान हलवली. आकृतीत चूक नव्हती. दोर होता, कप्प्या होत्या, बाण होते. माणसं तेवढी काढली नव्हती.

रविवार उजाडला. धाकटीचा मुलगा गाडी घेऊन आला होता. सामान भरून झालं होतं आणि तो दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होता. तळमजल्यावर धाकटीला खुर्चीत पट्टे बांधले. तिसऱ्या मजल्यावर सासूबाईंना. रंगारी गच्चीवर, सर दोरापाशी. कठड्यावर पाटी होती: गरोदर स्त्रिया व लहान मुले यांस मनाई.

सरांनी अडसर काढला. काहीच झालं नाही. खुर्च्या जागच्या जागी थरथरल्या आणि स्थिर राहिल्या. गॅलऱ्यांतून ‘वा!’ असा आवाज उठला. सरांनी दोर जरासा सैल केला, आणि सासूबाई अलगद खाली निघाल्या, धाकटी अलगद वर. कुठे धक्का नाही, कुठे कुरकुर नाही. लोक टाळ्या वाजवू लागले. सरांचे डोळे भरून आले होते. आपल्या हातून एकदा तरी आईंसाठी काही झालं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दोघी एकमेकींच्या जवळ येत होत्या. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध त्यांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. सासूबाई आता धाकटीच्या बरोबरीने आल्या, आणि आता खाली सरकणार, तेवढ्यात त्यांनी मान वर करून हाक मारली.

“जावईबापू!”

“काय आई?”

“मी खाली तिच्या घरी पोचेन तेव्हा ही कुठे असेल?”

“वर, आई. आपल्या...” सरांचं वाक्य तिथेच थांबलं.

टाळ्याही थांबल्या. गॅलऱ्यांमधल्या सगळ्या माणसांनी एकदम फलकाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग सरांकडे. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. एवढे दिवस एवढ्या जणांनी ती आकृती पाहिली होती. एकालाही सुचलं नव्हतं की हिला तिच्या घरी पोचवायचं तर तिला हिच्या घरी पाठवावं लागेल. वर्षानुवर्षं शिकवलेलं सगळं बरोबर होतं, आणि भेट तेवढी होत नव्हती.

“चुकलं आई,” सर कसेबसे म्हणाले. “माझंच चुकलं. मी आता... मी लगेच...”

“काही करू नका,” सासूबाई म्हणाल्या. “थांबवा इथेच.”

सरांनी दोर धरला. धरायची खरं तर गरजच नव्हती. दोन्ही बाजू सारख्या होत्या, त्यामुळे खुर्च्या हवेत जिथे होत्या तिथेच राहिल्या. सासूबाईंनी हात पुढे केला. धाकटीने तो दोन्ही हातांत घेतला. दोन्ही खुर्च्या एकमेकींना टेकल्या, आणि दोघी मधल्या हवेत, शेजारीशेजारी बसून बोलू लागल्या.

हळू आवाजात. कोणालाच ऐकू गेलं नाही. धाकटी सासूबाईंच्या ओठांकडे बघत होती, एवढंच वरून दिसत होतं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी सवयीने मान पुढे काढली, आणि आपणहून मागे घेतली. मग एकेक करून सगळे आपापल्या घरात गेले. अध्यक्षांनी जाताना चौकात खेळणाऱ्या पोरांना हाकललं. विमेवाल्यांच्या बायकोने गॅलरीतून दोन कप चहा काठीला टोपली अडकवून पुढे केला. धाकटीचा मुलगा घड्याळ बघत बघत आला, वर बघितलं, आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. त्याने घड्याळ परत बघितलं नाही.

एकदा दोघी हसल्या, खुर्च्या हलतील इतक्या. एकदा धाकटीने डोळे पुसले आणि सासूबाईंनी तिला काहीतरी रागावून सांगितलं.

शेवटी सासूबाईंनी वर पाहिलं. “जावईबापू, ऐका. तिच्या घरी गेले असते तर मुलगा असता, सामान असतं, निरोपाला आलेली माणसं असती. मला तिच्याशी दोन शब्द बोलता आले नसते. इथे कोणाला येता आलं नाही. तुमचे फार उपकार झाले.”

सरांनी नुसती मान हलवली, आणि मान हलवलेली खालून दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

“आता तिला निघायला हवं,” सासूबाई म्हणाल्या. “तिला खाली सोडा, आणि मला वर घ्या.”

धाकटीने हात सोडला नव्हता. सासूबाईंनीच तो हळूच सोडवला आणि तिच्या मांडीवर नेऊन ठेवला.

दोन्ही बाजू अजूनही तंतोतंत सारख्या होत्या. खुर्च्या हलवायला एक बोट पुरलं असतं, हे सर कोणत्याही वर्गात सिद्ध करून दाखवू शकले असते. त्या दिवशी मात्र त्यांना दोर दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ओढावा लागला.